आठ महिने पायथन वापरून: सगळं ठीक, पण नव्वद कुठे गेला?

चवथीच्या दुसऱ्या रात्री शिरोड्याच्या मूळ घरी हाउजी (तांबोला) चालली होती, आकडे काढत होता माझा लॅपटॉप. काकीने तिकीट खाली ठेवलं, चष्मा काढला आणि मला विचारलं, "बाबा, तुझ्या ह्या डब्यात नव्वद घातलायस ना?"

म्हणून हा रिव्ह्यू. नाहीतर जानेवारीत घेतलेल्या कोर्सवर सप्टेंबरात कोण लिहितं!

आधी पैशांचं. फोंड्याला आमच्या कॉलनीत शनिवारी हाउजी असते. जुन्या संचातले ८ आणि ४७ हरवले. नवा संच अडीचशेचा. ते अडीचशे वाचवायला, आकडे काढणारा प्रोग्राम स्वतःच लिहू म्हणून, मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा ९९९ रुपयांचा ऑनलाइन कोर्स घेतला. लॅपटॉप भाच्याचा जुना, फुकट. बायकोने हा हिशेब अजून विसरलेला नाही.

पहिले दोन महिने मी खूश होतो. रँडइंट(१, ९०) लिहिलं की १ ते ९० मधला कुठलाही एक आकडा हजर. फक्त तोच आकडा पुन्हा यायचा. मला वाटलं, नव्वदातले दहा-बारा काढले तर असं क्वचित होईल. उलट आहे: बारा आकडे काढेपर्यंत एखादा दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. मग आलेले आकडे एका यादीत टाकत गेलो आणि यादीत असेल तर पुन्हा काढ, असं सांगितलं. चाललं. पण ह्या रीतीने नव्वदच्या नव्वद बाहेर यायला सरासरी साडेचारशेच्या वर वेळा काढावं लागतं. लॅपटॉपला काही वाटत नाही, पण मला ती उधळपट्टी बघवेना.

तेव्हा कोर्समधला यादीचा धडा आला. आकड्यांची यादी करा, शफल करा म्हणजे पिसा, पॉप करत शेवटून एकेक काढा. म्हणजे खऱ्या पिशवीसारखंच: काढलेला पुन्हा आत जात नाही. मला हे इतकं आवडलं की त्या रात्री कोर्सला पाच तारे देऊन टाकले. ते आता मागे घेतोय.

मध्ये दोन संध्याकाळी वाया गेल्या, कारण मी 'आकडे = शफल(आकडे)' असं लिहिलं आणि यादीच्या जागी 'नन', म्हणजे काहीच नाही, एवढंच उरलं. शफल हातातलेच पत्ते पिसतो, नवा कॅट काढून देत नाही. एवढं एक वाक्य शिक्षकाने बोलायला काय हरकत होती? धड्यातली सीड(७) ही ओळही माझ्याकडे तशीच राहिली होती. सगळ्या विद्यार्थ्यांना उत्तर सारखं यावं म्हणून ती घातलेली. तिसऱ्या शनिवारी शेजारचा मुलगा पुढचा आकडा आधीच सांगायला लागला, तेव्हा कळलं. ओळ उडवली, प्रश्न मिटला.

१७, १८, १९ ओळीने आले की लोक अजूनही मशीनवर संशय घेतात. ते मात्र अन्यायाचं. पायथन आतून मर्सेन ट्विस्टर वापरतो, मात्सुमोतो आणि निशिमुरा या दोन जपानी संशोधकांनी १९९७ साली काढलेली, आकडे कसेही यावेत अशी पद्धत. तिचं आवर्तन, म्हणजे तीच माळ पुन्हा सुरू होईपर्यंतचं अंतर, इतकं लांब आहे की २०८० वस्तूंच्या यादीचे जितके क्रम होतात, तितके त्यात मावतात. आमचे तर नव्वदच.

नव्वदच असायला हवे होते. मी यादी केली रेंज(१, ९०) लिहून, आणि रेंज शेवटचा आकडा धरत नाही. रँडइंट धरतो, रेंज सोडतो. एकाच भाषेत दोन वहिवाटी! म्हणजे माझा जुना, उधळ्या प्रोग्राम बरोबर होता. हुशारी केली आणि नव्वद गेला. तिकिटं जास्त असली की फुल हाउस (तिकिटावरचे सगळे आकडे) बहुधा आकडे संपायच्या आधीच लागतं, त्यामुळे साडेतीन महिने कोणाला पत्ता नाही. काकी मात्र तीन डाव एकट्या नव्वदासाठी थांबली होती.

सहा तिकिटांच्या पट्टीत १ ते ९० सगळे आकडे एकेकदाच असतात. म्हणजे दर सहातलं एक तिकीट फुल हाउसच्या दृष्टीने मेलेलं, आणि ज्या ओळीत नव्वद ती ओळही मेलेली. शनिवारी २५ तिकिटं, १४ शनिवार, तिकीट १० रुपये: साधारण ५८० रुपयांची मेलेली तिकिटं मी विकली. काकीचे तीस त्याच रात्री परत केले. तिने मोजून घेतले.

कोर्सवाल्यांना मेल केली. नऊ दिवसांनी उत्तर आलं: धडा ६ पुन्हा पाहावा. पाहिला. त्यात रेंज(१०) चं उदाहरण आहे, ० ते ९ छापून दाखवतात आणि पुढे जातात. चूक माझी हे मान्य. पण ९९९ रुपयांत 'शेवटचा धरत नाही' हे तीन शब्द बसले असते.

आता रेंज(१, ९१) केलंय, आणि सुरुवातीला यादीत नव्वद आहेत की नाही ते मोजून पडद्यावर दाखवतो. पायथनला चार तारे, तो फुकट आहे. कोर्सला दोन.

कॉलनीत त्या ५८० रुपयांबद्दल अजून बोललेलो नाही. आणि चवथीला वीज गेली होती तेव्हाच ठरवलेलं, म्हणून परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून लाकडी संच आणला. घासाघीस करून दोनशे वीस. नव्वद आहे त्यात, दुकानदारासमोरच पिशवी उलटी करून बघितला.