श्वास मोजावा, जप करावा की कानात आवाज लावावा? घरी ध्यान सुरू करण्याआधी

ध्यान सुरू करायचं ठरलं की पहिला घोळ पद्धतीचा. एक जण सांगतो, श्वास पाहा. दुसरी म्हणते, जप कर. तिसऱ्याच्या मोबाइलमध्ये ॲप असतं आणि चौथा दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलेला असतो. प्रत्येकाला आपली पद्धत लाभलेली असते, त्यामुळे कुणीच खोटं बोलत नसतं. तरी ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. 'फार शांत वाटतं' एवढ्यावरून दोन पद्धतींतला फरक कसा कळणार? पहिल्या आठवड्यात सगळ्यांतच शांत वाटतं. पंधरा मिनिटं नुसतं गप्प बसलं तरी वाटतं.

मी पाच-सहा प्रकार घरी, एकटीने, काही आठवडाभर तर काही महिनोन्‌महिने करून पाहिले. त्यातून निवडीसाठी मला एकच कसोटी कामाची वाटली: मन भटकलं, हा निरोप तुम्हाला कोण देतं आणि किती उशिरा देतं?

मन भटकणारच, व्यायाम त्याच्यावरच चालतो. भटकलं, लक्षात आलं, परत आणलं; पुन्हा भटकलं. 2010 साली हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं की आत्ता तुमचं मन कुठे आहे. जवळजवळ 47 टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं. तेव्हा 'माझंच मन फार चंचल' हे मनातून काढून टाका. तुमचं सगळ्यांसारखंच आहे. पद्धतींमध्ये फरक पडतो तो मधल्या पायरीत, 'लक्षात आलं' यात.

नुसता श्वास आणि मोजलेला श्वास

श्वासाचं ध्यान म्हणून लोक दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. एकात नाकपुडीशी किंवा पोटाशी लक्ष ठेवून श्वास येताना-जाताना नुसता पाहायचा. दुसऱ्यात तो मोजायचा: प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, दहा झाले की परत एक. झेन या जपानी बौद्ध परंपरेत नवशिक्याला बहुधा हे मोजणंच आधी देतात.

नुसत्या श्वासात निरोप देणारं कुणी नसतं. दहा मिनिटं बसून उठलात तर त्यातली आठ कुठे गेली हे कधीकधी कळतच नाही, आणि आपण ध्यान केलं या समाधानात दिवस सुरू होतो. मोजण्यात ही फसवणूक चालत नाही. एकदा मला जाग आली तेव्हा मनात आकडा चालला होता सतरा. दहानंतर परत एक यायला हवा होता. त्या वरच्या सात श्वासांत मी एका जुन्या भांडणात जाऊन नवं, जास्त धारदार उत्तर देऊन आले होते. आकडा नसता तर ते भांडण वेळ संपल्याची घंटी वाजेपर्यंत चाललं असतं.

दोष याचेही आहेत. काही दिवसांनी आकडा सरावाने चालू राहतो आणि वरती विचारही चालू राहतात, दोन वाहिन्या लागल्यासारख्या. मग दहापासून उलटं मोजायचं. दुसरा दोष जास्त महत्त्वाचा. श्वासाकडे पाहायला लागलं की काहींचा श्वास हट्टी होतो, मुद्दाम घेतल्यासारखा वाटतो, छाती आवळते. ज्यांना घाबरं होण्याचा त्रास आहे त्यांच्या बाबतीत हे विशेष. 'सवय होईल' म्हणून रेटू नका. लक्ष तळपायांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर न्या. श्वास हे केवळ एक टेकण्याचं ठिकाण आहे, ते बदलता येतं.

जप

जपाची बाजू भक्कम आहे आणि ती केवळ श्रद्धेची नाही. 2001 साली इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी ख्रिस्ती लोकांची लॅटिन जपमाळ म्हणणाऱ्यांचा आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो आपोआप मिनिटाला सुमारे सहावर आला. एरवी बसल्या बसल्या आपण त्याच्या दुपटीहून जास्त वेळा श्वास घेतो. इतका संथ श्वास हृदयाच्या लयीला मानवतो. गंमत अशी की त्यांना श्वासाबद्दल काही सांगावं लागलं नाही, शब्दांच्या लांबीनेच काम केलं.

शब्द कोणता, यावर मात्र खूप वाद घातला जातो. महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानात मंत्र शिक्षकाकडून मिळतो आणि दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं बसायचं असतं. त्याच साधकांचा अभ्यास करणारे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन पुढे या मताला आले की शरीर शांत करण्यापुरता कुठलाही साधा शब्द चालतो; त्यांनी स्वतः 'वन', म्हणजे 'एक', सुचवला होता. माझं मत मधलं आहे. ज्याला एखाद्या नावाशी लहानपणापासूनचा जिव्हाळा आहे त्याने तेच घ्यावं, कारण परत येताना घरी आल्यासारखं वाटतं. ज्याला तो नाही त्याने उगाच उसना मंत्र आणू नये, साधा शब्द बरा.

आता कसोटी. इथे जप कच्चा पडतो. जीभ आणि अंगठा इतके गुणी आहेत की मालक घरात नसला तरी दुकान चालवतात. माझा अंगठा मेरुमण्याला, म्हणजे माळ पूर्ण झाल्याचं सांगणाऱ्या मण्याला, लागला की मी दचकायचे, कारण आधीचे साठेक मणी कुठे गेले ते मला सांगता येत नसे. 108 मण्यांच्या माळेत निरोप एकदाच येतो, तोही शेवटी. उपाय दोन: माळ ठेवून द्यायची आणि शब्द श्वासाला बांधायचा, किंवा मोठ्याने, मग पुटपुटत, मग मनात असं उतरत जायचं. मनातला जप तुटला की शांतता ऐकू येते आणि तोच निरोप.

एक गोष्ट जपाच्या बाजूची उरतेच. फार खचलेल्या किंवा चिडलेल्या दिवशी श्वास पाहणं जमत नाही, जप जमतो. तोंडाला काम मिळालं की डोक्यातल्या बडबडीला जागा कमी राहते.

अंगभर लक्ष फिरवणं

डोक्यापासून पायापर्यंत, किंवा उलट, एकेका भागावर लक्ष नेत जायचं. हे बहुतेक जण आडवं पडून करतात आणि तिथेच घात होतो. डाव्या गुडघ्याच्या पुढे मी कित्येक दिवस गेलेच नाही. निरोप येतो तो सकाळी. झोप लागत नाही म्हणून ध्यान शोधत असाल तर हे सरळ घ्या आणि त्याला ध्यान म्हणायचा हट्ट सोडा. योगनिद्रेची, म्हणजे पडून ऐकत अंग सैल सोडण्याची, ध्वनिफीतही याच कामाला उत्तम. बसून केलं तर मात्र प्रकार खरोखर चांगला आहे, विशेषतः ज्यांना राग अंगात चढल्यावरच कळतो अशांसाठी. जबडा आवळला आहे, खांदे कानांपर्यंत आले आहेत, हे दिवसाच्या मध्ये कळू लागतं. श्वासाच्या ध्यानात मला ते कळलं नव्हतं.

चालत

याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून मुद्दाम लिहिते. दहा-पंधरा पावलांची मोकळी जागा, तिथल्या तिथे ये-जा. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं. ब्रह्मदेशातल्या परंपरेत हे बसण्याइतकंच मानाचं ध्यान आहे. निरोप द्यायला इथे वळण असतं. दर दहा पावलांनी भिंत येते आणि विचारते, होतात कुठे? एका मिनिटात तीन-चारदा ताळा जमतो, एवढी सोय दुसऱ्या कुठल्याच पद्धतीत नाही. ज्यांचे पाय बसल्यावर वळवळतात, ज्यांना बसलं की डुलकी लागते, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. घरातल्यांना वाटतं की तुम्ही काहीतरी शोधताय, तेवढं सोसायचं.

कानातला आवाज

मार्गदर्शित ध्यानाची ॲप बरीच आहेत आणि सुरुवातीला ती उपयोगी पडतात हे मी नाकारणार नाही. कसं बसायचं, डोळे मिटायचे की अर्धे उघडे ठेवायचे, विचार आले तर काय, या पहिल्या दहा शंका ती गोड आवाजात मिटवतात. अडचण कसोटीची आहे. 'मन भटकलं असेल तर हळूच परत आणा' हे वाक्य दर मिनिटाला तो आवाज म्हणतो, म्हणजे निरोप तो देतो. जे स्वतः करण्यासाठी बसलो ते काम आपण दुसऱ्याला देऊन टाकतो. सहा महिने ॲपवर बसणारी माणसं आवाज बंद करून पाच मिनिटं बसली की कावरीबावरी होतात. मीही झाले होते. शिवाय सलग किती दिवस झाले तो आकडा, आणि ध्यानासाठी हातात घेतलेल्या फोनवर वाट पाहणारे संदेश.

दोन आठवडे ॲप, मग फक्त सुरुवातीची आणि शेवटची घंटी. एवढाच त्याचा मुक्काम.

घर की शिबिर

सत्यनारायण गोएंका यांनी 1969 साली ब्रह्मदेशातून आणलेल्या विपश्यना या ध्यानपद्धतीचं दहा दिवसांचं मौन शिबिर हा घरच्या दहा मिनिटांचा मोठा भाऊ नव्हे, वेगळाच प्राणी आहे. रोज दहाएक तास बसायचं, पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी अंगावरच्या संवेदनांकडे वळायचं. ध्यान खोल जातं यात शंका नाही. पण घरी परतल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, असं ते सांगतात आणि ओळखीतले बहुतेक जण महिन्याभरात तिथेच गळतात. घरी वीस मिनिटं बसण्याची सवय आधी असलेल्यांना शिबिर पेललं आणि टिकलं असं मी पाहिलं. उलट क्रमाने गेलेल्यांकडे आठवणी उरल्या. आघातातून गेलेल्यांनी, मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यांनी लांबलचक मौनाला जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. लांब ध्यानात जुनं वर येतं आणि काहींना ते झेपत नाही.

'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणाल तर

'ध्यान विज्ञानाने सिद्ध केलंय' असं सर्रास म्हणतात, तेव्हा कशाचं ध्यान आणि किती, हे विचारावं. जॉन कबात-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानाचा वर्ग सुरू केला. बरेचसे पुरावे त्या धाटणीच्या आठ आठवड्यांच्या वर्गांचे आहेत: आठवड्याला शिक्षकासमोर अडीच तास आणि घरी रोज सुमारे 45 मिनिटं. तो पुरावा रोजच्या पाच मिनिटांच्या ॲपला चिकटवता येत नाही. 2014 साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 47 चाचण्या, 3,515 माणसं एकत्र तपासली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम ताकदीचा पुरावा मिळाला. एकाग्रता, झोप, वजन यांबाबत पुरेसा मिळाला नाही. आणि व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस आहे, असंही दिसलं नाही.

मला स्वतःला मिळालं ते लहान आहे. उत्तर तोंडातून निघायच्या आधी अर्धा सेकंद मिळतो. तो निरोप लवकर यायला लागल्याचाच परिणाम असावा, म्हणून तर ही कसोटी. नेहमी वापरत नाही तो अर्धा सेकंद, पण मिळतो.

बसायचं कसं, कधी

फार विचार करू नका. पतंजलींनी आसनाला दोनच अटी घातल्या, स्थिर आणि सुखाचं. खुर्ची त्यात बसते. पाठ टेकवू नका म्हणजे झालं. डुलकी येत असेल तर झेनवाल्यांसारखे डोळे अर्धे उघडे ठेवून समोर खाली पाहा. वेळ सकाळची बरी, पण रोज टिकेल ती त्याहून बरी. दहा मिनिटं.

मग काय घ्यावं

कुठलाच विशेष त्रास नसेल तर मोजलेला श्वास, माझं मत सरळ आहे. पाय वळवळत असतील किंवा झोप येत असेल तर चालणं. श्वासाने घाबरं होत असेल तर चालणं किंवा जप. मन जड असेल, नावाशी नातं असेल, तर जप, माळेशिवाय. स्वतःला सतत बोल लावणाऱ्यांना मैत्रीभावनाही सुचवतात, 'मी सुखी असो, तू सुखी असो' अशी. मला ती पोपटपंचीच झाली, पण माझ्या स्वभावाचाही दोष असेल.

एकदा घेतली की तीन आठवडे तीच. दर दोन दिवसांनी पद्धत बदलणं हेही भटकणंच, फक्त उघड्या डोळ्यांनी केलेलं. उठल्यावर वहीत एवढंच लिहा की आज निरोप कशाने आला: सतराने, मेरुमण्याने, वळणाने की शेवटच्या घंटीने. ओळीने चार-पाच दिवस 'घंटी' असं येऊ लागलं, तर तीन आठवड्यांची वाट पाहू नका, त्या दिवशीच चालायला लागा.