यूएक्स डिझाइनचा घरगुती संदर्भसंग्रह: १४ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या टेबलाच्या उजव्या बाजूला, खुर्चीवरून न उठता हात पोहोचेल अशा उंचीवर, साडेतीन फुटांची एक लाकडी फळी आहे आणि तिच्यावर आज १९ पुस्तके उभी आहेत. यूएक्स डिझाइनच्या, म्हणजे ॲप आणि संकेतस्थळे माणसांना वापरायला सोपी करण्याच्या, कामासाठी स्वतःचा संदर्भसंग्रह करायचा असे ठरवून मी ही फळी मारून घेतली, त्याला आता १४ महिने झाले. एकूण खर्च २३,४०० रुपये झाला. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा वाया गेला, असे मी आज प्रामाणिकपणे म्हणेन. पण हाच खर्च पुन्हा करायची वेळ आली तर करेन, फक्त पुस्तके निराळी घेईन.

फळीची गरज का पडली, ते आधी सांगते. कार्यालयातल्या सामायिक ड्राइव्हवर डिझाइनच्या पुस्तकांच्या दोनशेच्या आसपास पीडीएफ पडलेल्या होत्या, आणि त्या तिथे आहेत या समाधानावरच आमची सहा-सात वर्षे गेली. पीडीएफमध्ये शब्द शोधता येतो हे खरे, परंतु अडचण नेमकी कशाची आहे हेच कळलेले नसते तेव्हा शोधायचा कोणता शब्द, हा प्रश्न उरतोच. छापील पुस्तक चाळताना शेजारच्या पानावरचे काहीतरी डोळ्यांत भरते आणि आपल्या अडचणीला नाव मिळते. हा लाभ मला महत्त्वाचा वाटत होता, पण तो खरोखर होतो का, याचा पडताळा हवा होता. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने नोंद ठेवण्याचा नियम केला: पुस्तक कामात अडल्यामुळे उघडले तर तारीख आणि कारण लिहायचे, रात्री निवांत वाचले तर काहीही लिहायचे नाही.

या नोंदींनी माझे बरेच अंदाज खोटे ठरवले. सर्वाधिक, म्हणजे ३१ नोंदी, लूक रोब्लेव्स्की यांच्या २००८ सालच्या ‘वेब फॉर्म डिझाइन’ या पुस्तकात आहेत. हे पुस्तक मी जवळजवळ नाइलाजाने घेतले होते, कारण संपूर्ण पुस्तक केवळ अर्जाच्या रकान्यांवर असावे हे मला अतिरेकी वाटले होते. त्याच सुमारास आमच्याकडे एका पतसंस्थेच्या कर्जअर्जाचे काम आले. अर्जात ‘अर्जदाराच्या नावे असलेल्या अन्य कर्जांचा तपशील’ अशी लांबलचक शीर्षके होती, आणि ती रकान्याच्या डाव्या हाताला बसवल्यामुळे मोबाइलवर एकेका शीर्षकाच्या चार-चार ओळी होत होत्या. शीर्षक रकान्याच्या वर ठेवावे, डावीकडे डाव्या कडेला लावावे की डावीकडेच पण रकान्याला चिकटवून, या तीन पर्यायांची तुलना पुस्तकात सविस्तर आहे. शीर्षक वर असेल तर ते आणि रकाना एका नजरेत येतात आणि अर्ज सर्वांत लवकर भरून होतो. डाव्या कडेची मांडणी सर्वांत संथ असते, पण माहिती अनोळखी असेल आणि माणसाने थबकून वाचावे अशी अपेक्षा असेल, तर तो संथपणाच उपयोगी पडतो. आम्ही सगळी शीर्षके वर नेली. मराठी शीर्षके इंग्रजीपेक्षा हमखास लांब होतात, त्यामुळे हा निर्णय पुढच्या तीन कामांतही तसाच लागू पडला.

नावाच्या रकान्यांपाशी मात्र हे पुस्तक थांबते. पहिले नाव आणि आडनाव या दोन चौकटींत मराठी नाव मावत नाही. मधले नाव वडिलांचे की पतीचे, हे विचारावे लागते, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीचे आधार कार्डावर एक नाव आणि पॅन कार्डावर दुसरे, ही स्थिती इतकी सार्वत्रिक आहे की तिला अपवाद समजून चालत नाही. याचे उत्तर विकत मिळण्याजोगे नव्हते.

दुसऱ्या क्रमांकाच्या २६ नोंदी डॉन नॉर्मन यांच्या ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’मध्ये आहेत. पुस्तक १९८८ साली निराळ्या शीर्षकाने निघाले आणि २०१३ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. अप्पा बळवंत चौकातून आणलेली जुनी प्रत आणि नंतर मागवलेली नवी, अशा दोन्ही माझ्याकडे आहेत. नवीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या आवृत्तीतला ‘अफोर्डन्स’ हा शब्द आमच्या बैठकांत कोणीही कशालाही लावत असे. नव्या आवृत्तीत वस्तूने काय करता येणे शक्य आहे, म्हणजे ‘अफोर्डन्स’, ही एक गोष्ट, आणि ते कुठे व कसे करायचे हे दाखवणारी खूण, म्हणजे ‘सिग्निफायर’, ही दुसरी, असा भेद त्यांनी नीट सोडवून मांडला आहे. अधोरेखित निळा मजकूर ही खूण आहे, हे एकदा पान उघडून दाखवल्यापासून आमच्या बैठकांतला निम्मा वाद मिटला.

पण या पुस्तकाची खरी किंमत मला एका चाचणीच्या दिवशी कळली. त्याच पतसंस्थेच्या एका शाखेत कारकून म्हणून काम करणाऱ्या बाई आमच्यासमोर बसून एक चुकीचा अर्ज काढून टाकत होत्या. पडद्यावर चौकट उघडली: ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’ खाली दोन बटणे होती, ‘होय’ आणि ‘रद्द करा’. बाईंनी ‘रद्द करा’ दाबले. चौकट मिटली आणि अर्ज जागच्या जागी राहिला. त्यांनी पुन्हा तेच केले, मग तिसऱ्यांदा, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मॅडम, हे ऐकतच नाहीये.” इंग्रजी ‘कॅन्सल’चे भाषांतर कोणीतरी डोळे मिटून केले होते. आमच्या अहवालाच्या पहिल्या मसुद्यात मात्र या प्रसंगापुढे ‘वापरकर्त्याची चूक’ असा शेरा पडला होता. त्या संध्याकाळी मी नॉर्मन यांचे पाचवे प्रकरण उघडले, ज्याच्या मथळ्यातच दोष माणसाचा की वाईट रचनेचा हा प्रश्न विचारून उत्तरही दिलेले आहे. त्यात चुकांचे दोन प्रकार केले आहेत: हेतू बरोबर पण हातून भलतेच घडले तो एक, आणि हेतू किंवा बेतच चुकीचा तो दुसरा. बाईंचा हेतू बरोबर होता आणि समोरच्या शब्दांप्रमाणे कृतीही बरोबर होती. त्यांना दोन्ही कप्प्यांत बसवता येईना, तेव्हा शेरा खोडला. आता तिथे ‘अर्ज रद्द करा’ आणि ‘अर्ज तसाच ठेवा’ अशी बटणे आहेत.

‘युनिव्हर्सल प्रिन्सिपल्स ऑफ डिझाइन’ला २२ नोंदी मिळाल्या, आणि संदर्भग्रंथ कसा बांधावा याचा हा नमुनाच आहे. २००३ साली १०० तत्त्वे घेऊन निघालेल्या या पुस्तकाची १२५ तत्त्वांची २०१० सालची आवृत्ती माझ्याकडे आहे. प्रत्येक तत्त्वाला समोरासमोरची दोन पाने दिलेली आहेत, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे चित्रे. तत्त्वे वर्णानुक्रमाने लावली आहेतच, शिवाय ‘समजायला सोपे कसे करावे’ अशा प्रश्नांच्या अंगानेही दुसरी अनुक्रमणिका दिली आहे, म्हणजे नाव ठाऊक नसलेल्या माणसालाही आत शिरायला वाट आहे. खोली मात्र बेताची आहे. दोन पानांत जेवढे मावते तेवढेच मिळते.

उलट ज्या ‘अबाउट फेस’कडून मला सर्वाधिक आशा होती, त्याची सातशेच्या वर पानांची चौथी आवृत्ती १४ महिन्यांत तीनदा उघडली गेली. पुस्तक उत्तम आहे, त्याचे लेखक ॲलन कूपर यांची व्यक्तिचित्रांची, म्हणजे नमुनेदार वापरकर्त्याचे काल्पनिक चित्र समोर ठेवून रचना करण्याची, पद्धत समजून घ्यायला दुसरीकडे जाण्याची गरज नाही, पण ते अभ्यासक्रमासारखे सलग वाचायचे पुस्तक आहे. घाईत एका हाताने काढून दुसऱ्या हाताने पान सापडेल असे नाही. ते मी वरच्या कपाटात हलवले. स्टीव्ह क्रुग यांच्या ‘डोन्ट मेक मी थिंक’मध्ये दोनच नोंदी आहेत, आणि त्याचे कारण वेगळे: ते फळीवर टिकतच नाही. एका विमानप्रवासात वाचून व्हावे इतके लहान असावे, हा लेखकाचाच आग्रह होता, त्यामुळे प्रकल्प-व्यवस्थापकांपासून विक्री विभागापर्यंत सगळे ते मागून नेतात. परहस्ते गेलेले पुस्तक परत येत नाही, हा अनुभव दोनदा घेऊन मी तिसरी प्रत विकत घेतली. ज्याला एकच पुस्तक घ्यायचे आहे त्याने हे घ्यावे, आणि लपवून ठेवावे.

जेफ जॉन्सन यांच्या ‘डिझायनिंग विथ द माइंड इन माइंड’च्या ११ नोंदींपैकी निदान चार एकाच भांडणाच्या आहेत. जॉर्ज मिलर यांच्या १९५६ सालच्या निबंधातल्या ‘सात, अधिक-उणे दोन’ या आकड्याचा हवाला देऊन मेनूत सातच पर्याय ठेवा असे सांगणारा वरिष्ठ प्रत्येक कंपनीत एक तरी असतो. तो आकडा क्षणभर मनात धरून ठेवण्याच्या क्षमतेविषयी आहे. मेनू तर डोळ्यांसमोरच असतो, तो आठवायचा नसतो, नुसता ओळखायचा असतो. ओळखणे सोपे आणि आठवणे कठीण, यावर या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि छापील पानाचा मान तोंडी युक्तिवादापेक्षा जास्त असतो, हे मी अनुभवाने सांगते.

पुस्तके लावायची कशी, यात माझे दोन महिने गेले. आधी उंचीप्रमाणे लावली, मग लेखकाप्रमाणे, मग जेसी जेम्स गॅरेट यांनी संकेतस्थळाच्या रचनेचे जे पाच थर मांडले त्यांप्रमाणे, म्हणजे तळाशी धोरण आणि सर्वांत वर दिसणारा पृष्ठभाग. नॉर्मन कोणत्या थरात घालायचे हे ठरेना, तेव्हा तीही मांडणी मोडली. एक पुस्तक अनेक प्रश्नांचे असते पण फळीवर त्याला एकच जागा मिळते, ही अडचण आपल्याच देशातल्या एका ग्रंथपालाने फार पूर्वी ओळखली होती. एस. आर. रंगनाथन यांचे ‘कोलन वर्गीकरण’ १९३३ सालचे. एखाद्या विषयाच्या निरनिराळ्या बाजू सुट्या करून त्या हव्या तशा जोडायच्या, ही त्यातली कल्पना आजच्या खरेदीच्या संकेतस्थळांवर रंग, आकार, किंमत अशा गाळण्यांच्या रूपाने सगळेच वापरतात. मग मी फळीचा नाद सोडून एका बुटाच्या खोक्यात कार्डे ठेवायला लागले. कार्डाच्या माथ्यावर कामातला शब्द असतो, ‘रकाना’, ‘चूक’, ‘रिकामी यादी’, ‘थांबा’, आणि खाली पुस्तकाचे नाव व पृष्ठांक. अशी साठेक कार्डे झाली आहेत. खोके फुकटचे आहे, पण संपूर्ण संग्रहात सर्वाधिक हाताळली जाणारी वस्तू तीच आहे.

तक्रारीही आहेत. पडद्यांच्या नमुन्यांवरील एका जाड पुस्तकाची स्वस्त भारतीय आवृत्ती घेतली, ती संपूर्ण कृष्णधवल निघाली. ‘डावीकडचे लाल बटण पाहा’ असे वाक्य आणि शेजारी करड्या रंगाची दोन बटणे. डिंकाने चिकटवलेल्या पुठ्ठाबांधणीची पुस्तके टेबलावर सपाट उघडी राहत नाहीत आणि जबरदस्ती केली की पाने सुटतात. एडवर्ड टफ्टी यांचे आलेखांवरील १९८३ सालचे पुस्तक त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढून छापले. ते हातात घेतले की कागद आणि छपाई यांकडे लक्ष देणे म्हणजे काय, हे कळते. ते महाग आहे, आणि त्यात नोंदी पाचच असल्या तरी ते मी कोणाला देणार नाही. गेल्या पावसाळ्यात पुस्तकांना बुरशीचा वास आला, तेव्हापासून फळी भिंतीपासून दोन बोटे पुढे घेतली आहे. शिवाय मानके पुस्तकातून घेऊ नयेत. अपंगांनाही संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीच्या सुलभतेच्या नियमांची (डब्ल्यूसीएजी) २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३मध्ये आली आणि दाबायच्या जागेचे किमान माप २४ × २४ पिक्सेल असावे हा निकष तिच्यात नव्याने आला. माझ्या फळीवरच्या एकाही पुस्तकात तो नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र देवनागरीची आहे. ही सगळी पुस्तके रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेली आहेत. बटणावरचा मजकूर मोठ्या लिपीतील अक्षरांत द्यावा की देऊ नये, यावर पानेच्या पाने सापडतील, आणि आपल्याकडे लहान-मोठी लिपीच नाही. ‘कागदपत्रांची पूर्तता’ हा सरकारी थाटाचा शब्दप्रयोग घ्या: ‘पूर्तता’ या एका शब्दात खाली दीर्घ उकार आहे आणि वर रफार आहे, आणि इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळीच्या उंचीत बसवला की एक तरी कापला जातो. बापूराव नाईक यांचे १९७१ सालचे ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’चे तीन खंड मी ग्रंथालयात बसून पाहिले आणि टिपणे काढली. ते छपाईच्या धातूच्या खिळ्यांच्या काळातले असले तरी अक्षराच्या वर-खाली किती जागा लागते, याचा विचार त्यांत जितक्या बारकाईने केला आहे, तितका माझ्या फळीवर कुठेच नाही.

नव्याने संग्रह करणाऱ्यांना एवढेच सांगेन की याद्या पाहून एकदम दहा पुस्तके मागवू नका. एखादी अडचण कामात दुसऱ्यांदा आली, की मगच तिच्यावरचे पुस्तक घ्या. या नियमाने चालले असते, तर माझे सात-साडेसात हजार रुपये वाचले असते. एकही नोंद नसलेली पाच पुस्तके मी येत्या महिन्यात एका डिझाइन महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना देणार आहे. त्यांच्या जागी मी दोनशे पानी एक वही उभी केली आहे. तिच्यात कापलेल्या वेलांट्यांची छायाचित्रे, ‘रद्द करा’ची ती चौकट, नावाच्या रकान्यांचे आम्ही करून पाहिलेले चार प्रकार आणि ग्रंथालयातली टिपणे चिकटवली आहेत. वहीच्याही मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने तारखा पडू लागल्या आहेत, आणि गेल्या तीन महिन्यांत त्या १७ झाल्या.