नौपाड्यातील वाचनालय : विज्ञानकथा मुबलक, कविता मात्र शोधावी लागते

गोखले रस्त्यामागच्या गल्लीतील या खासगी वाचनालयाची खरी श्रीमंती त्याच्या विज्ञानकथांच्या कपाटात आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून पहिले पारितोषिक मिळवले. त्यांच्या संग्रहांच्या एकाहून अधिक प्रती येथे आहेत आणि त्यांच्या शेवटच्या पानावरील तारखांचे शिक्के पाहिले, तर त्या किती हातांतून फिरल्या आहेत हे सांगावे लागत नाही.

परदेशस्थ भारतीयांची कविता मात्र दुर्लक्षित आहे. काश्मीरशी घट्ट नाते असलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले आगा शाहिद अली मला चक्क प्रवासवर्णनांत सापडले. (चूक म्हणावी, की कोणाचा मिश्किलपणा?) तो संग्रह आणि परग्रहावरील वसाहतीची एक कादंबरी एकाच आठवड्यात वाचताना जाणवले की, घरापासून तुटलेल्या माणसाचे दुःख दोन्हीकडे तेच आहे, फक्त कादंबरीकार ते यंत्रांच्या तपशिलात दडवतो आणि कवी, परतीची वाट नाही हे ठाऊक असूनही, त्याला गझलेच्या रदीफात, म्हणजे शेरांच्या शेवटी येणाऱ्या त्याच त्या शब्दांत, पुन्हा पुन्हा परत आणतो. विज्ञानकथेतील हा एकाकीपणा मला त्या कवितेमुळेच दिसला.

वर्गणी माफक आहे, ग्रंथपाल बाई वाचणाऱ्या आहेत आणि मागितलेले पुस्तक बाजूला काढून ठेवतात. पंखा तेवढा कुरकुरतो. सूची अद्याप वहीतच असल्यामुळे कवितेसाठी जाणाऱ्याने हाताशी वेळ ठेवावा. विज्ञानकथेच्या वाचकाने मात्र बेलाशक सभासद व्हावे.