प्लास्टर निघालं, पुढे काय? सासूबाईंच्या ठिसूळ हाडांसाठी घेतलेल्या सेवेचा वर्षभराचा अनुभव

२०२२च्या श्रावणात आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. जवळच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं, दीड महिन्याने काढलं आणि "बोटं हलवत राहा" सांगून घरी पाठवलं. साध्या घसरण्याने हाड का मोडलं, हे कुणी विचारलं नाही. आम्हालाही सुचलं नाही. २०२४च्या नोव्हेंबरात रात्री न्हाणीकडे जाताना उंबऱ्याला पाय अडकला आणि खुबा मोडला.

ऑपरेशन कणकवलीच्या बाजूच्या दुसऱ्या हॉस्पिटलात झालं, चांगलं झालं. पण मला लिहायचंय ते तिसऱ्या दिवशी वही घेऊन खाटेशेजारी बसलेल्या सिस्टरबद्दल. तिथे पन्नाशीपुढचं कुणी हाड मोडून आलं की त्याचं नाव या वहीत जातंच. याला फ्रॅक्चर लायझन सर्व्हिस म्हणतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत १९९०च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत रुजली. एकदा हाड मोडलेल्याला पुन्हा मोडायचा धोका साधारण दुप्पट असतो, म्हणून पहिल्या फ्रॅक्चरलाच माणूस धरायचा. आमचं पहिलं हातचं गेलं होतं.

सिस्टरने तासभर विचारलं. उंची कमी झालीय का? पाळी कधी गेली? दम्यासाठी काय घेता? आईंची पाळी बेचाळिसाव्या वर्षीच गेली होती. वीस वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. आणि दम्याच्या त्या पांढऱ्या गोळ्या, ज्या आम्ही मेडिकलमधून परस्पर आणत होतो, त्या स्टेरॉइडच्या निघाल्या. पाळी लवकर गेल्याने जशी, तशी या गोळ्यांनीही हाडं पोखरली जातात. छातीच्या डॉक्टरांशी सिस्टर स्वतः बोलल्या आणि आईंना पंप सुरू झाला. गोळ्या एकदम थांबवायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या, हे मला दोनदा बजावलं.

आईंचं एकच पालुपद होतं, "गो, हाड जुळला ना? मगे औषध कित्याक?"

"आजी, जुळला. पण भुसभुशीत तसाच आसा," सिस्टर म्हणाल्या. त्यानंतर आईंनी औषधाला नाही म्हटलं नाही.

हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालली असती, पण ती उपाशीपोटी भांडंभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं न होता राहावं लागतं. आईंना आधीच जळजळ, त्यात चहा घेतला की त्या परत लवंडतात. म्हणून झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड या हाडांच्या औषधाचं ५ मिलिग्रॅमचं सलाइन ठरलं, वर्षातून एकदा. त्याआधी मूत्रपिंडाची आणि कॅल्शियमची तपासणी झाली, हलणारी दाढ काढून घेतली, ड जीवनसत्त्व कमी होतं ते भरून काढलं. जन्मभर उन्हात भात लावलेल्या बाईचं ड जीवनसत्त्व कमी, याचं मला फार वाईट वाटलं. पण गेली काही वर्षं त्या पडवीबाहेर फारशा येतच नव्हत्या. सलाइननंतर दुसऱ्या दिवशी ताप येऊ शकतो हे सांगून ठेवलं होतं. आला, पॅरासिटामॉलने उतरला, आणि संध्याकाळी विचारपूस करायला सिस्टरचा फोनही आला.

त्यानंतर महिन्याने, तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात फोन. एकदा त्यांनी व्हिडिओवर अख्खं घर बघितलं. न्हाणीत पकडायला दांडी, वाटेवर रात्रभर बल्ब, उंबऱ्याला पांढरा रंग, खळ्यातल्या चिऱ्यांवर पावसाआधी ब्लीचिंग, आणि अडोळीवर उकिडवं बसून नारळ खवायचं बंद. शेवटच्यावर आई आठवडाभर रुसल्या होत्या.

तपासणीला गेले असताना एक काकी भेटल्या. त्यांना दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब या हाडांच्याच दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन असतं. ते लांबलं तर हाडांची झीज उसळते आणि मणके मोडू शकतात. काकी पावसाळ्यात मुंबईला लेकाकडे जातात, म्हणून सिस्टरने तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी देऊन इंजेक्शनची सोय लावली होती. असं कोण करतं हो?

उणिवा आहेत. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन तिथे नाही. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला फोंडा घाटातून कोल्हापूरला न्यावं लागलं. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान खुबा मोडला तेव्हाच झालं होतं, स्कॅन पुढे तुलना करायला हवा होता, त्यामुळे औषध अडलं नाही. टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे ३.४ आला, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, धरतात. व्यायामाचा कागद इंग्रजीत होता, मी मराठीत लिहून काढला आणि एक प्रत सिस्टरकडे दिली. आमच्याकडे रेंज नसते, तेव्हा घरच्या लँडलाइनचा किंवा शेजाऱ्यांचा नंबर जरूर लिहून द्या.

नोंदणीचे वेगळे पैसे नाहीत. तपासण्या आणि औषध आपल्या खर्चाने. घरात कुणाचं हाड साध्या पडण्याने मोडलं असेल तर डिस्चार्जआधी अशी सेवा आहे का विचारा, नसेल तर हाडांच्या औषधाचं काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आई आता काठी घेऊन खळ्यात फेऱ्या मारतात. जानेवारीत दुसरं सलाइन आहे, रक्त त्याच्या एक आठवडा आधी तपासायचंय. तारीख सिस्टरने कधीच कळवलीय.