लमाण: पुस्तक पाच स्टार, पॅकिंग शून्य

आधी रडगाणं उरकून टाकतो. ऑनलाइन मागवलेलं, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत आलं, वरचा कोपरा असा चेपलेला की दोन दिवस जाड डिक्शनरीखाली दाबून ठेवला तरी सरळ झाला नाही. बदलून मागणार होतो पण तोवर पन्नासेक पानं वाचून झालेली, आता कुठल्या तोंडाने परत देणार.

तर हे डॉ. श्रीराम लागूंचं आत्मचरित्र. मी 'पिंजरा', 'सामना', 'सिंहासन' वाला प्रेक्षक, त्यामुळे शूटिंगचे किस्से मिळतील म्हणून घेतलं होतं. तुम्हीही त्याच आशेने घेणार असाल तर थांबा, 'घरौंदा'साठी फिल्मफेअर मिळालेला आणि 'गांधी'त गोखले झालेला हा माणूस लिहितो ते मुख्यतः नाटकाबद्दल. आधी जरा खट्टू झालो, खोटं का बोला. पण मग सुटलं नाही हातातून.

कारण विचार करा ना, कान-नाक-घशाचा सर्जन, आफ्रिकेत जाऊन डॉक्टरकी केलेला, आणि १९६९ मध्ये चाळिशी ओलांडल्यावर सगळं सोडून पूर्णवेळ नट! आपण त्या वयात होमलोनचे हप्ते मोजत बसतो. पुढच्याच वर्षी डिसेंबरात 'नटसम्राट', म्हणजे तेव्हा वय ४३, आणि उभा करायचा तो थकलेला, निवृत्त झालेला अप्पासाहेब बेलवलकर. 'पिंजरा' त्यानंतर १९७२ चा. म्हणजे आपल्याला पडद्यावर भेटले तेच मुळी पंचेचाळिशीला टेकलेले, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

नावाची गंमत पण भारी. लमाण म्हणजे इकडचा माल बैलांवर लादून तिकडे नेणारा, तसं नटाने लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत पोचवायचा, बस. एवढा मोठा नट स्वतःला हमाल म्हणवून घेतोय जवळपास! हे वाचून 'सामना' परत लावला. निळूभाऊंचा हिंदुराव आख्खी फ्रेम खातोय आणि समोर हा दारुडा मास्तर, पण नजर सारखी मास्तरकडेच जाते राव.

पटापट वाचायचं पुस्तक नाही, नाटकांची नावं माहीत नसतील तर मधे मधे अडखळाल. मी अडखळलो.

सध्या मित्राने नेलंय वाचायला. नेतानाच मला म्हणाला, कोपरा तूच दुमडलास ना?