खेळातलं खाटकाचं दुकान आणि खरे साडेचौदा हजार

ज्यांच्या घरातली पोरं रात्री ऑनलाइन रोल-प्लेचे, म्हणजे एखादं पात्र होऊन वागायचे खेळ खेळतात, त्यांनी हे जरा वेळ काढून वाचावं. आमच्या घरातून साडेचौदा हजार रुपये गेले. नेणारा माणूस त्याआधी कित्येक महिने आमच्यातलाच एक होऊन राहिला होता.

आम्ही बेळगावचे, शहापूर भागातले. मामांचं मटणाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. मामेभाऊ, चंदगडची मावसबहीण आणि मी, असे तिघं मिळून एका ऑनलाइन गावात खाटकाचं दुकान चालवायचो. गाव कल्पनेतलं. तटबंदी, सराय, लोहार, मंत्रतंत्र जाणणारी म्हातारी, आणि प्रत्येक दुकान एकेका कुटुंबाकडे. शिकारी रानडुक्कर, हरणं आणून टाकायचे, आम्ही तोडून सरायवाल्याला विकायचो. वेळेत मीठ लावलं नाही तर माल नासायचा. बाकीचे नुसतं 'मांस' म्हणून विकायचे. मामेभावानं मात्र पाटीवर चाप, मांडी, नळी, खिमा, कलेजी असे वेगवेगळे भाव लावले, कारण हे सगळं तो लहानपणापासून बघत आलाय. गिऱ्हाईक आमच्याकडे वळलं. हिशेब मी ठेवायचे. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल, पण त्या दुकानात आमचा जीव गुंतला होता आणि त्या माणसानं नेमकं तेच हेरलं.

तो आला शिकारी म्हणून. माल उधारीवर टाकायचा, भावासाठी कधी अडून बसला नाही. दुसऱ्या कुटुंबाशी भांडण झालं तेव्हा आमच्या बाजूनं उभा राहिला. खेळातल्या आमच्या कुटुंबानं त्याला दत्तक घेतलं आणि तो मला 'अक्का' म्हणायला लागला. मराठी चांगलं बोलायचा, म्हणून तर आणखी जवळचा वाटला. गप्पांच्या ओघात विचारायचा, "आज रविवार, दुकानात गर्दी असेल की?" आम्हीही सांगायचो. रविवारी, बुधवारी गर्दी, श्रावणात धंदा बसतो, आसपासच्या गावांची जत्रा असली की बकरी पुरत नाहीत, मंगळवारी बकऱ्यांच्या व्यापाऱ्याचे पैसे चुकते करायचे असतात. दिवसाचा हिशेब जुळवायला मामांचा मोबाईल रात्री मामेभावाकडे असतो, हेही त्याला असंच कळलं. यात लपवण्यासारखं काय होतं? घरातल्या माणसाशी बोलतो तसंच बोलत होतो.

गाव चालवणारी मंडळी हौशी आहेत. सर्व्हरचं भाडं सगळ्या दुकानदारांनी वर्गणी काढून भरायचं, ही तिथली खरी आणि सरळ पद्धत. पैसे गावाच्या मुख्य चालकाकडे यूपीआयनं जायचे. शिकाऱ्याला हेही माहीत होतं.

एका रविवारी रात्री अकराच्या सुमाराला 'नगरसभेचा खलिता' आला. वर गावाची मोहर, भाषा खेळातली. नवीन बाजारपेठ बांधतोय, जुन्या दुकानदारांनी जागेची अनामत आज रात्रीच भरावी, नाहीतर जागा दुसऱ्या कुटुंबाला दिली जाईल. अनामत परत मिळेल. रक्कम अडीच हजार, सोबत क्यूआर कोड. पाठवणाऱ्याचं नाव आणि चित्र हुबेहूब मुख्य चालकाचंच. फरक एवढाच, की नावातल्या इंग्रजी लहान एलच्या जागी मोठा आय होता. स्क्रीनवर दोन्ही म्हणजे नुसती उभी रेघ, डोळ्यांना कळणारच नाही. शिकारी लगेच म्हणाला, "मी माझे भरले दादा, तुम्ही पण उरका, आपली जागा जायला नको."

मामेभावानं मामांच्या खात्यातून भरले. पाच मिनिटांत उत्तर आलं, पैसे पोचले नाहीत, पुन्हा पाठवा, दोनदा आले तर एक परत करू. पुन्हा अडीच हजार गेले. मग, दोन्ही आले, जास्तीचे परत पाठवलेत, ही बघा पावती. खात्यात काहीच जमा नाही. 'अडकलेला परतावा मोकळा करायला' तिसरा क्यूआर आला. तो स्कॅन करून पिन टाकला आणि साडेनऊ हजार गेले. त्याच गडबडीत 'नवी जागा नावावर करायला' म्हणून खेळाच्या खात्याचा ओटीपीही त्यानं घेतला. सकाळी बघतो तर दुकान रिकामं. मीठ, माल, सोन्याची नाणी, सगळं नेलेलं, आणि शिकाऱ्याचा पत्ता नाही.

ती पावती मी नंतर मोठी करून बघितली. यूपीआयच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक बारा आकडी असतो. त्या पावतीवर अकराच आकडे होते. बँकेचं नाव, हिरवी खूण, वेळ, बाकी सगळं अगदी बरोबर.

आणि एक गोष्ट मोठ्यानं सांगते, कारण हीच सगळ्यात जास्त चालते. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच. कोड स्कॅन करून पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले. मामांच्या दुकानात साउंडबॉक्स बोलल्याशिवाय कुणी मटणाची पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, मोबाईलवरची पावती कितीही पुढे केली तरी. मामेभाऊही तिथंच वाढलाय. पण त्या रात्री त्याच्यासमोर गिऱ्हाईक नव्हतं, भाऊ होता. "एवढी अक्कल नव्हती का?" असं त्याला विचारणाऱ्या नातेवाइकांचा मला मनापासून राग येतो. महिनोन्‌महिने विश्वास कमावून केलेली ही चोरी आहे आणि ती करणारा चोर आहे, एवढंच मी म्हणेन.

आता पुढचं, कारण इथं बरेच जण गप्प बसतात. खेळात गेलं, लोक हसतील, म्हणून तक्रारच करत नाहीत. मामांनी मात्र कळल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन लावला. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला, तर समोरच्या खात्यातली रक्कम पुढे पळवायच्या आत अडवता येते. आमच्यातले सहा हजार असे अडवले गेले. तक्रारीचा पोचक्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही सगळं भरलं आणि मग आम्ही सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या पोलीस ठाण्यात गेलो.

भावंडं कर्नाटकातल्या बेळगावात आणि महाराष्ट्रातल्या चंदगडात, चोर कुठला कुणास ठाऊक, त्यामुळे हद्द कुणाची यावरून खेटे पडणार असं घरच्यांना वाटत होतं. सीमाभागातल्या प्रत्येक घराला ही धास्ती असते. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. दुसऱ्याचं रूप घेऊन ऑनलाइन फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 ड लागतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्यात 'खेळात फसवलं तर चालतं' असं कुठंच लिहिलेलं नाही. अर्ज कन्नडमध्ये लिहून द्यायला शेजारचे अण्णा आले, ठाण्यातल्या हवालदारांनी मराठीतच सगळं विचारून घेतलं.

कामी आल्या त्या मावसबहिणीनं त्याच रात्री काढून ठेवलेल्या गोष्टी. सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट, तिन्ही क्यूआर आणि त्या माणसाचा आकडी आयडी. नाव तो रोज बदलेल, पण आमच्या गप्पांच्या अॅपवर नावामागचा आकडा बदलत नाही. सकाळपर्यंत त्यानं स्वतःचे बरेच संदेश पुसले होते.

खेळाचं खातं चालकांनी परत मिळवून दिलं. वर्गणीचा यूपीआय आयडी आता गावाच्या सूचनाफलकावर कायमचा लावलाय. दुसरा कुठलाही कोड आला तर आधी चालकाला आवाजी कॉल करायचा, खेळातली भाषा बाजूला ठेवून, असा नियमही झालाय. अडवलेले सहा हजार सोडवून घ्यायला वेगळा अर्ज करावा लागतो, तो मामांनी दिलाय. उरलेले साडेआठ हजार कुठल्या खात्यांतून फिरले याचा तपास चालू आहे. व्यापाऱ्याचे मंगळवारचे पैसे मामांनी हातउसने घेऊन भागवले.