पिवळ्या रंगाखाली १९८२: जुन्या स्कूबा टाक्यांच्या खरेदीत झालेली फसवणूक

विहिरीत पडलेल्या सबमर्सिबल मोटारी काढणाऱ्या रावेर भागातल्या एका टोळीने दोन जुन्या स्कूबा टाक्या, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायला पाठीवर बांधायच्या दाबाच्या हवेच्या टाक्या, २६,००० रुपयांना घेतल्या. दोन्ही पिवळ्याधमक, रंग ताजा. दलाल म्हणाला, "जहाजवरना माल शे भाऊ, एकदम चोख. टेस्ट बी व्हयेल शे." एक टाकी 'तीनशे बारची' (बार हे दाबाचं माप) म्हणून गळ्यात मारली, दुसरी 'नुकतीच टेस्ट झालेली' म्हणून. भरून आणायला कोकणात नेल्या, तेव्हा भरणाऱ्याने खांद्यावरचा रंग खरवडला आणि दोन्ही परत केल्या. जे काही होतं ते टाकीच्या खांद्यावरच ठोकलेलं होतं. पैसे मोजण्याआधी ते कोणी वाचलं नव्हतं, एवढंच.

'तीनशे'चा घोळ साधा आहे. पोलादी टाकी, युरोपियन ठसे, १० लिटरची. तिच्यावर दोन दाब होते: पीडब्ल्यू २०० आणि पीएच ३००. पहिला कामाचा दाब, म्हणजे टाकी रोज जिथपर्यंत भरायची तो. दुसरा चाचणीचा, कामाच्या दीडपट. तो टाकीने फक्त हायड्रो टेस्टच्या, म्हणजे आत पाणी भरून दाब देण्याच्या चाचणीच्या वेळी सोसायचा असतो. दलालाने मोठा आकडा दाखवून भाव घेतला. हवा किती मावते याचा हिशेब सोपा: लिटर गुणिले कामाचा दाब, म्हणजे २,००० लिटर; ३,००० नव्हे. २३२ च्या टाकीवर चाचणीचा आकडा ३४८ असतो, ३०० च्या टाकीवर ४५०. दोन आकडे दिसले की लहान तो आपला.

खरा धोका दुसऱ्या टाकीत होता. ती अॅल्युमिनियमची (लोहचुंबक लावा, चिकटत नाही) आणि अमेरिकन ठशाची: डीओटी-३एएल३०००, पुढे एस८०. डीओटी म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं. यातलं ३एएल म्हणजे बिनजोडाची अॅल्युमिनियम टाकी, ३००० हा दर चौरस इंचाला पौंडांतला कामाचा दाब (सुमारे २०७ बार), एस८० म्हणजे ८० घनफुटांची स्कूबा टाकी. आत पाणी भरलं तर साधारण ११ लिटर मावतं. इथवर सगळं ठीक. त्याखाली मात्र लांबी (पुट्टी) भरून, घासून, वर रंग मारलेला होता. लांबी टोकरल्यावर '१०', मग चौकोनातली बारीक खूण, मग '८२' असा ठसा निघाला. टाकीवरची सर्वांत जुनी तारीख हीच तिची जन्मतारीख. ऑक्टोबर १९८२.

१९८२ एवढं घातक का? टाक्या बनवणाऱ्या अमेरिकेतल्या लक्सफर कंपनीच्या १९८८ च्या मध्यापर्यंतच्या टाक्या ६३५१-टी६ या मिश्रधातूच्या आहेत. सततच्या दाबाखाली या धातूला मानेतल्या आट्यांपाशी हळूहळू चीर जाते. टाकी न वापरता नुसती भरून कोपऱ्यात ठेवली तरीही. साध्या हायड्रो टेस्टमध्ये ही चीर सापडेलच असं नाही. त्यासाठी मानेची एडी करंट तपासणी, म्हणजे विजेच्या प्रवाहाने चीर शोधणारी तपासणी लागते. अशा टाक्या फुटल्या आहेत, आणि भरता भरता फुटल्या आहेत. मिश्रधातूचं नाव ठशात नसतं, म्हणून बनवणारा आणि साल दोन्ही बघायचं. ई६४९८ किंवा एसपी६४९८ असा ठसा असेल तर टाकी ३एएलच्याही आधीची, धातू तोच. कॅटलिना कंपनीने हा धातू कधीच वापरला नाही. म्हणजे 'जुनी अॅल्युमिनियम सगळी वाईट' हेही खरं नाही.

आता 'नुकतीच टेस्ट' बघा. नव्या ठशात '३ २३ +' एवढंच होतं. खऱ्या अमेरिकन ठशात महिना आणि साल यांच्यामध्ये चाचणी केंद्राची एक अक्षर आणि तीन आकड्यांची खूण चौकोनात बसवलेली असते. इथे मधली जागा कोरी. वर तो अधिक! अधिकाचं चिन्ह म्हणजे दहा टक्के जास्त भरायची मुभा, आणि ती ३ए, ३एए अशा ठरावीक पोलादी टाक्यांनाच मिळते. ठोकणाऱ्याने दुसऱ्या कुठल्या तरी टाकीवरून नक्कल केली आणि अॅल्युमिनियमवर अधिक मारून स्वतःच पकडला गेला. आकडेही वेगवेगळ्या पंचांचे, एक खोल, एक उथळ.

टाकी बघायला जाताना पेंट रिमूव्हर, तारेचा नको तर नायलॉनचा ब्रश, खडू आणि टॉर्च न्या. ग्राइंडर लावू देऊ नका. ठशाबरोबर धातूही जातो. रंग निघाला की खडू आडवा घासा, टॉर्च तिरका धरा, फोटो काढा. डीओटी ठशावर एक्सची रांग किंवा 'कंडेम्ड' हा शब्द असेल तर ती टाकी बाद झालेली आहे; तिथूनच मागे फिरा. मग वजन. ठशातलं वजन रिकाम्या टाकीचं असतं, तेव्हा व्हॉल्व्हचा हिशेब वेगळा धरून केळी तोलायच्या काट्यावर तोला. पाच टक्क्यांहून जास्त घट असेल तर आपल्याकडच्या नियमांनीही ती बाद. पोलादी टाकी उलटी करून हलवा. तांबूस पाणी किंवा खरखर आली तर आत गंज आहे. अॅल्युमिनियमवर भट्टीत भाजलेला पावडर कोटिंगचा रंग असेल तर तीही सोडा. १७७ अंशांच्या वर तापली की तिचा कस जातो.

व्हॉल्व्ह बदललेला दिसला तर जास्त जपा. युरोपियन मानेची आटी एम२५, अमेरिकन पाऊण इंची. एम२५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत काही आटे जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि दाब चढला की गोळीसारखा सुटतो. दोन्हींवरचा ठसा जुळला पाहिजे, 'बसतोय की' हा पुरावा नाही.

आणि हे सगळं बरोबर निघालं तरी एक अडचण उरते. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे मुख्य विस्फोटक नियंत्रकाने मान्य न केलेल्या प्रकारचा सिलिंडर भरता येत नाही. हे खातं म्हणजे पेसो, मुख्यालय नागपूरला. जहाजाच्या भंगारातून आलेल्या टाकीचा मान्यतेचा कागद विकणाऱ्याकडेच मागायचा, तोही इसार देण्याआधी. या टोळीने इसार आधी दिला होता.

दलालाने फोन उचलणं बंद केलं. पोलादी टाकी कागदाविना तशीच पडून आहे. अॅल्युमिनियमची टाकी व्हॉल्व्ह काढून, आरीने मधोमध कापून भंगारात गेली. काट्यावर चौदा किलो भरली.